गॅलरीत एक भेक ठेवण्याबाबत

बेडूक आणि भेक हे दोन वेगळे प्राणी आहेत. बेडकाची कातडी गुळगुळीत आणि ओलसर, पाय लांब, उडीही लांब. भेकाची कातडी कोरडी आणि खरखरीत, पाय आखूड, आणि उडी मारायची वेळ आलीच तर तो आधी विचार करतो. हा फरक मी अकरावीच्या वर्गाला बावीस वर्षं शिकवला. ‘भेक’ऐवजी ‘बेडूक’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण मी न चुकता कापत असे. पुढे जे काही झालं ते त्या कापलेल्या अर्ध्या गुणांमुळे झालं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. नवरा, हरिश्चंद्र, लोट्याला एका केमिकल कंपनीत असतो. सोमवारी पहाटे जातो, शनिवारी संध्याकाळी येतो. त्यामुळे घरातल्या प्रत्येक प्रकरणाचा त्याला फक्त समारोप कळतो, आणि तेवढ्यावरून तो कारणमीमांसा करतो.

प्रकरणाची सुरुवात माझ्या सासऱ्यांच्या भुकेपासून झाली. सासरे आत्माराम, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय एक्याऐंशी. आरे-वारेच्या पलीकडच्या गावी एकटे राहत. मेअखेरीस मागच्या अंगणात घसरले, उजवा पाय घोट्याच्या वर मोडला, प्लास्टर घातलं, आणि आम्ही त्यांना रत्नागिरीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. येताना त्यांनी एक रेडिओ, चार बनियन आणि सासूबाईंनी लावलेल्या अनंताची कुंडी आणली. कुंडीशिवाय ते गाडीत बसायलाच तयार नव्हते. कुंडी आमच्या गॅलरीत ठेवली, अण्णांना गॅलरीलगतच्या खोलीत ठेवलं, आणि दोघांनीही मान टाकली.

“जेवा ना अण्णा.”

“नको गो. भूक नाय.”

“गोळी घेतलीय. खायला हवं.”

“मग गोळी दे आणिक एक. तीच खातो.”

मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे काय, हे मला शरीरक्रियेच्या आकृतीसह माहीत होतं. तीन आठवड्यांत अण्णांचं वजन पंचावन्नवरून एक्कावन्न झालं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन किलो उतरलं तर ॲडमिट करायचं आणि नाकातून नळी घालायची. अण्णांनी ते ऐकलं आणि ते डॉक्टरांकडे बघून हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

ही बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली ते सांगायला नको. आमच्या शेजारच्या विमलाकाकू पहिल्यांदा आल्या. त्यांच्या मते अण्णांना दृष्ट लागली होती. एक्याऐंशी वर्षांच्या, पाय मोडलेल्या माणसाला कोणाची आणि का लागावी, हे मी विचारलं नाही. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि सोबत डबा भरून कुळथाचं पिठलं दिलं. सोसायटीचे सेक्रेटरी संदेशभाऊ यांचं खाली झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्यांच्या मते अण्णांना बातम्या ऐकवणं बंद करायला हवं होतं. घरी कामाला येणारी जनी म्हणाली, “वैनी, जत्रंला कोंबडा बोललाव हुता का कदी? तो राह्यला आसंल.” मी तिघांचंही ऐकून घेतलं. पिठलं मी खाल्लं.

डबा मात्र राहिला. तो जरा महत्त्वाचा आहे. स्टीलचा, झाकण घट्ट बसणारा, आणि झाकणावर ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं नाव : ‘सौ. विमला, १२-५-८९’. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. डब्यात घालण्यासारखं काही करायला त्या दिवसांत मला सवड नव्हती, म्हणून तो ओट्यावरच राहिला.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी जनीने झाडण्यासाठी अनंताची कुंडी सरकवली आणि किंचाळली. कुंडीखालच्या ताटलीत एक मोठा, तपकिरी, चामखिळींनी भरलेला भेक बसला होता. तो अजिबात हलला नाही. किंचाळण्याची सवय असलेल्या कोणाच्या घरी तो राहिलेला असावा.

“अगो वरडतस काय!” खोलीतून अण्णांचा आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो पुरता आवाज होता. “तो माझा हाय.”

वॉकर घेऊन अण्णा गॅलरीपर्यंत आले. म्हणाले, “आला होय रे पाठोपाठ?” मग मला सगळं सांगितलं. गावच्या घरी पडवीत एक पिवळा दिवा आहे. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, अण्णा तिन्हीसांजेला पडवीत खुर्ची टाकून जेवतात. दिव्यावर किडे येतात, आणि दिव्याखाली हा येऊन बसतो. “मी भात कालवला की ह्याचा सुरू. ह्याचा झाला की माझा झाला. दोगंच जेवतो आमी.”

हा तोच भेक आहे याला पुरावा काय, असा प्रश्न माझ्या मनात आला. वैज्ञानिक दृष्टीने काहीच नव्हता. कुंडीच्या मातीत कुठलाही भेक असू शकतो. पण त्याच वेळी अण्णा म्हणाले, “काय केलंस जेवायला?” आणि माझ्यातल्या वैज्ञानिकाने गप्प बसायचं ठरवलं.

मी पान वाढलं. अण्णांनी हात लावला नाही.

“त्याला आधी,” ते म्हणाले.

यात एक अडचण होती. भेक मेलेलं खात नाही. त्याच्या दृष्टीने जे हलतं तेच अन्न. समोर पडलेली मेलेली माशी आणि समोर पडलेला खडा यांत त्याला फरक दिसत नाही. आमच्या गॅलरीला मच्छरदाणीची जाळी आणि पांढरा एलईडी दिवा. तिथे खाण्यासारखं काहीच उडत नव्हतं. त्या संध्याकाळी मी चष्मा लावून खालच्या बागेत गेले आणि ओल्या मातीतून चमच्याने दोन गांडुळं काढली. भेकाने पहिलं गांडूळ डोकं तिरकं करून पाहिलं, पुढे झुकला, आणि गांडूळ नाहीसं झालं. मग त्याने डोळे गच्च मिटले. भेक गिळताना डोळे आत ओढून घेतो आणि त्यांनी घास खाली ढकलतो.

“बघ,” अण्णा म्हणाले, “चव घेतोय.”

आणि त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी काम पद्धतशीर हाती घेतलं. जनीचा नवरा मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कामावर आहे. त्याच्याकडून मासळीचा एक जुना प्लास्टिकचा क्रेट आला. क्रेटला बांगड्याचा वास होता, पण मला चिंता मिठाची होती. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीने शोषतो, त्यामुळे मीठ, साबण, फिनेल हे सगळं त्याच्या थेट अंगात जातं. क्रेट मी तीन दिवस नुसत्या पाण्यात ठेवला. आत चार इंच माती, लपायला अर्धी करवंटी, बसायला पाण्याची उथळ ताटली. पडवीसारखं वाटावं म्हणून गॅलरीत पांढऱ्या दिव्याच्या जागी पिवळा बल्ब लावला, पण जाळीमुळे किडे येईनात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून बादली एक दिवस आधी भरून उघडी ठेवायची. एकदा शनिवारी हरिश्चंद्राने त्या बादलीत पाय धुतले, आणि बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर दुसऱ्यांदा ओरडले.

भेकाचा आकार आणि गळ्याचा फिका रंग पाहून ती मादी असावी, असं माझं मत झालं. अण्णांना सांगू की नको, असा विचार करून मी शेवटी सांगितलं.

अण्णांनी वॉकर सरकवला आणि क्रेटमध्ये वाकून पाहिलं.

“तरीच,” म्हणाले. “माझा होईपर्यंत उठत नाय कधी.”

त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी माझ्या स्वयंपाकात, म्हणजे भेकाच्या, खोट काढली. “रोज काय गो गांडूळ? तुला रोज दोडका दिला तर खाशील?” त्या आठवड्यात मी तीनदा दोडका केला होता.

उपाय जनीने सुचवला. “झुरळं द्या की.”

आमच्या घरात झुरळ नाही, याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. आता पहिल्यांदाच कमीपणा वाटला. आणि झुरळ मागायचं कुणाकडे? वाटीभर साखर मागता येते, विरजण मागता येतं. पण “तुमच्याकडे दोन झुरळं असतील का हो?” असं विचारलं तर ज्याच्याकडे ती आहेत तोच आधी भांडायला उठेल.

“कशाला इचारायला होवं?” जनी म्हणाली. ती आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी काम करते. कोणाच्या घरी किती झुरळं आहेत, कोणत्या जातीची आणि कोणत्या कपाटात, याची जेवढी विश्वसनीय माहिती तिच्याकडे होती तेवढी कोणत्याही खात्याकडे नसेल. नावं सांगायची नाहीत, अशी मी तिला अट घातली. ती रोज संध्याकाळी, ओट्यावर दिसेल तो डबा घेऊन जायची आणि चार-पाच झुरळं घेऊन यायची. भेक खायचा, मग अण्णा खायचे. पंधरा दिवसांत वजन सव्वाबावन्न झालं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण सोसायटीचा नियम क्रमांक सतरा जिन्यात लावलेला आहे : ‘गॅलरीत काहीही ठेवण्यापूर्वी, ठोकण्यापूर्वी वा टांगण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.’ जाता-येता तो माझ्याकडे बघायचा. शिवाय प्राणी रानातला. कायदा काय म्हणतो, हेही पाहायला हवं. मी एका सरकारी कार्यालयात फोन केला.

“जंगलात सापडला का मॅडम?”

“नाही, कुंडीत.”

“कुंडी शासनाची आहे का?”

“सासूबाईंची.”

“मग त्यांना विचारा,” असं म्हणून त्या गृहस्थांनी फोन ठेवला. सासूबाईंना विचारणं शक्य नसल्यामुळे मी दुसऱ्या कार्यालयात फोन केला. तिथे मला पहिल्या कार्यालयाचा नंबर मिळाला. शेवटी अण्णांचा पाय बरा झाला की जिथला प्राणी तिथे नेऊन सोडायचा, असं मी माझ्यापुरतं ठरवलं, आणि सोसायटीकडे अर्ज केला.

अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. ‘विषय : गॅलरीत एक भेक ठेवण्याबाबत. लांबी अकरा सेंटिमीटर, रंग तपकिरी. आवाज होणार नाही. शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही. सासऱ्यांच्या प्रकृतीसाठी आवश्यक. गरज संपल्यावर काढून मूळ जागी नेण्यात येईल.’ बेडूक लिहिलं असतं तर तिसरीतल्या मुलालाही कळलं असतं. पण तो बेडूक नव्हता. आणि घाईत लिहिताना माझ्या ‘भ’ची डोक्यावरची रेघ तुटत नाही, ती सरळ जाते, आणि ‘भ’चा ‘म’ होतो, ही गोष्ट बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला सांगितली नव्हती.

आठ दिवसांनी उत्तर आलं. सोबत माझाच अर्ज, लाल शाईने तपासलेला. ‘मेक’ला गोल करून बाजूला ‘मेख’ लिहिलं होतं. ‘ठेवण्याबाबत’ खोडून ‘ठोकण्याबाबत’ केलं होतं. खाली संदेशभाऊंच्या अक्षरात : ‘कृपया शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’

मी खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने पत्र वाचलं. समितीने मला गॅलरीच्या भिंतीत एक मेख ठोकायला परवानगी दिली होती. अटी अशा : मेख सहा इंचांपेक्षा लांब नसावी. ती गंजू नये म्हणून तिला दरवर्षी तेलाचा रंग द्यावा. तिच्यावर पाच किलोपेक्षा जास्त भार टाकू नये. पावसात तिच्या मुळाशी पाणी मुरणार नाही याची काळजी घ्यावी. दुपारी दोन ते चार तिच्यावर हातोडा मारू नये.

मी फूटपट्टी घेऊन गॅलरीत गेले. लांबीची अट पूर्ण होत होती.

फोनवर हरिश्चंद्र म्हणाला, “दुरुस्तीपत्र दे.” दुरुस्तीपत्र दिलं तर परवानगी नाकारली जाणार, भेक जाणार, आणि अण्णा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपणार. चुकलेलं उत्तर पाहून मी आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच सोडलं.

त्यानंतर पंधरा दिवस मला फक्त मेखेबद्दल सल्ले मिळाले. विमलाकाकू जिन्यात म्हणाल्या, “अगो राजश्री, अण्णांच्या पायाला वजन टांगायचंय ना? मग जाड घे. बारीक वाकते.” तळमजल्यावरून निरोप आला की ड्रिल मशीन मिळेल. संदेशभाऊ म्हणाले, “मॅडम, जांभ्याच्या भिंतीत मेख धरते. ही ब्लॉकची भिंत आहे, भुसभुशीत. आधी लाकडी खुंटी बसवा, मग ठोका.” मी प्रत्येकाचे आभार मानले. “ठोकलीत का?” असं कोणी विचारलं की “आहे जागेवर” म्हणायचे. यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी जिना चढताना मला स्वतःची शरम वाटायची.

ऑगस्टमध्ये जिन्यात नवी सूचना लागली : शनिवारी संपूर्ण इमारतीत झुरळांसाठी फवारणी.

विषारी झुरळ खाल्लेला भेक जगत नाही. शिवाय वाफाही त्याच्या कातडीतून आत जातात. मी फवारणीतून वगळण्याची तोंडी विनंती केली. संदेशभाऊ म्हणाले, “लेखी द्या. कारणासह.” काय लिहिणार? समितीच्या दफ्तरी माझ्या घरात एक मेख होती. मी लिहिलं, ‘गॅलरीत मेख असल्यामुळे फवारणी करू नये. औषधाचा तिच्यावर घातक परिणाम होईल.’

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. तरी हे वाक्य मी शुद्धलेखन तपासून, सही करून दिलं.

समिती बुचकळ्यात पडली. झुरळाच्या औषधाला भिणारी ही मेख आहे तरी कसली? त्यातून नवरा केमिकल कंपनीत. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला पाहणी होईल, असं पत्र आलं.

नेमकी त्या आठवड्यात जनी दोन दिवस गावी गेली, आणि पावसाने खालच्या बागेत तळं झालं, गांडुळं मिळेनात. बुधवारी भेक उपाशी, अण्णा उपाशी. गुरुवारी अण्णांनी दोन घास दूध-भात गिळला, तोही माझ्या समाधानासाठी. शुक्रवारी दुपारी त्यांच्या कपाळाला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. मी चमच्याने साखरपाणी पाजलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, “रात्री पोटात नीट अन्न गेलं नाही, तर उद्या सकाळी घेऊन या. नळी घालू.”

सहाला जनी आली. मी दारातच तिच्या हातात डबा दिला. जो हाताला लागला तो. अर्ध्या तासात ती परत आली, आणि तिने डबा टीपॉयवर ठेवला. “सा हायत. मोटी,” ती कुजबुजली. त्याच क्षणी बेल वाजली.

संदेशभाऊ मेजरटेप घेऊन आले होते. सोबत महिला प्रतिनिधी म्हणून विमलाकाकू.

“कुठे आहे मेख?” संदेशभाऊ म्हणाले आणि चप्पल काढून थेट गॅलरीत गेले. मी त्यांच्या मागे. त्यांनी चारही बाजूंच्या भिंती पाहिल्या, हात फिरवून पाहिल्या, वाकून पाहिल्या. क्रेटमधली करवंटी त्यांना दिसली, पण ती मेख नसल्यामुळे त्यांनी तिची दखल घेतली नाही.

“मॅडम, इथे काहीच नाही.”

“आहे,” मी म्हटलं. “जरा बघावं लागतं.”

तेवढ्यात हॉलमधून विमलाकाकूंचा आनंदी आवाज आला. “अगोबाई, माझा डबा! भरून ठेवलास होय? मी म्हणतच होते, राजश्री विसरायची नाही.” मी वळले. काकूंनी डबा कानाशी धरून हलवला होता. “चिवडा वाटतं.”

“काकू, नको...”

झाकण घट्ट बसायचं. काकूंनी ते पोटाशी धरून जोराने ओढलं.

पुढचं एक मिनिट मला सलग आठवत नाही. सहा झुरळं सहा दिशांना गेली. त्यातलं एक काकूंच्या पदरावरून. संदेशभाऊ धावत आत आले आणि तितक्याच वेगाने खुर्चीवर चढले. काकू ओरडत होत्या, “शी, शी! कुठली ही झुरळं? असली झुरळं ठेवतेस घरात? माझ्या डब्यात?”

“तुमचीच हायत की काकू,” जनी शांतपणे म्हणाली. “तुमच्या शिलेंडरच्या मागची.”

काकूंनी झाकण डब्यावर दाबून बसवलं. तेवढ्यात खोलीतून अण्णांचा बारीक आवाज आला. “काय झाला गो? त्याचा जेवान खय गेला?”

जेवण हॉलभर पळत होतं. ते पकडून भेकाकडे नेणं आता शक्य नव्हतं. मी गॅलरीत गेले, हात बादलीतल्या पाण्यात बुडवले, करवंटी उचलली आणि दोन्ही हातांत भेक घेऊन हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवला. अण्णा वॉकरवर दारापर्यंत आले होते. त्यांचे पाय लटपटत होते. जनीने पटकन खुर्ची दिली.

“हे काय आहे?” संदेशभाऊंनी खुर्चीवरून विचारलं.

“ही मेख,” मी म्हटलं.

भेक बसला तो बसलाच. आम्ही पाचजण त्याच्याकडे बघत होतो. टीपॉयखालून एक झुरळ निघालं, थांबलं, मिशा हलवल्या. भेकाने डोकं तिरकं केलं. झुरळ संदेशभाऊंच्या खुर्चीच्या पायापाशी आलं. भेक एक पाऊल चालला, मग दुसरं. त्याला घाई नव्हती. घाई फक्त मला होती. मग तो पुढे झुकला, आणि झुरळ तिथे नव्हतं. त्याने डोळे गच्च मिटले.

“वाढ,” अण्णा म्हणाले.

माझ्या हातून अर्धा भात पानाबाहेर पडला. अण्णांनी आमसुलाचं सार ओतलं, कालवलं, आणि पहिला घास घेतला. समोर भेकाने दुसरं झुरळ घेतलं. अण्णांनी दुसरा घास घेतला. सोसायटीची पाहणी समिती, एक खुर्चीवर आणि एक डबा पोटाशी धरून, एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण बघत उभी होती. भात दोनदा झाला. अण्णांनी ताट स्वच्छ केलं आणि ढेकर दिला.

विमलाकाकूंनी पदराने नाक पुसलं. “जेवले गो,” त्या म्हणाल्या. “मी इतकी पिठली दिली.” मग त्यांना आपलं पद आठवलं. “संदेश, झुरळं कुणाची ते अहवालात लिहायचं नाही हां.”

संदेशभाऊ खुर्चीवरून खाली उतरले. त्यांनी माझ्या मूळ अर्जाची झेरॉक्स खिशातून काढली आणि तिच्यावरचं अक्षर बराच वेळ निरखलं. “म्हणजे हा भ होता?”

“हो.”

“रेघ तुटली नाही मॅडम.”

“हो. माझं चुकलं.”

त्यांच्यापुढे पेच होता. ठराव मेखेचा झाला होता. तो बदलायचा तर विशेष सभा हवी, सभेला चौदा दिवसांची नोटीस हवी, आणि एकदा सभा भरली की प्राणी हवा की नको यावर तळमजल्यापासून सगळे बोलणार. त्यांनी अण्णांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग टीपॉयवर टेकून अहवाल लिहिला : ‘गॅलरीची पाहणी केली. मेख सुस्थितीत आहे. फवारणीमुळे तिला धोका संभवतो. सबब सदर फ्लॅट व शेजारचा फ्लॅट वगळावा.’

शेजारचा फ्लॅट विमलाकाकूंचा. त्यांनी वाचलं, ओठ घट्ट मिटले, आणि सही केली. मी ओशाळून म्हटलं, “काकू, डबा धुऊन, भरून आणून देते.”

“राहू दे गो,” त्या दाराकडे जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “उद्या लागेल जनीला.”

सप्टेंबरात अण्णांचं वजन पंचावन्न झालं. दसऱ्यानंतर ते काठी घेऊन जिना उतरले. भेक, कुंडी, रेडिओ सगळं गाडीत घालून आम्ही त्यांना गावी सोडलं. पडवीतला पिवळा दिवा मी स्वतः लावला. भेक क्रेटच्या काठावर थोडा वेळ बसला, विचार केला, आणि दिव्याखालच्या जागेवर जाऊन असा बसला की तो तोच आहे, याबद्दल माझी शास्त्रीय शंका मला क्षुद्र वाटली. आता रोज साडेसातला अण्णांचा फोन येतो. “जेवलो. दोगंबी.” आणि फोन बंद.

गरज संपल्यावर काढून नेऊ, हे मीच अर्जात लिहिलेलं होतं. मी समितीला तसं लेखी कळवलं. संदेशभाऊंना सगळं ठाऊक आहे, पण दफ्तर हे दफ्तर. त्यांचं उत्तर परवा आलं : ‘मेख काढल्यामुळे गॅलरीत पडलेले भोक तीस दिवसांत बुजवून तसे कळवावे.’

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. भिंत साफ आहे. कुंडीच्या जागी फरशीवर एक गोल डाग आहे, आणि पिवळा बल्ब मी अजून बदललेला नाही. तिन्हीसांजेला हात आपोआप त्या बटणाकडे जातो. जाळी आता उघडीच असते. किडे येतात, खाली पडतात, तसेच राहतात. हरिश्चंद्र लोट्याला. मी ताट वाढून घेते आणि बराच वेळ कालवत बसते. जनी म्हणाली, “वैनी, वाळलाव.”

आज मी उत्तर लिहिलं. विषय : भोक बुजवण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत. डोक्यावरची रेघ तोडून ‘भ’ नीट काढला. बुजवण्याचं काम वाटलं त्यापेक्षा अवघड आहे, असं कारण दिलं. किती दिवसांची मुदत हवी, ती जागा कोरी ठेवली.